ठेव की दान?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून ती अमलात आली. मधल्या चार तासांत जो जेथे होता तो तेथेच अडकला. पती पुण्यास आणि पत्नी बेळगावास, वाङ्‌निश्चय झालेली मुलगी फोंड्यास आणि मुलगा बडोद्यास, अशी कितीतरी माणसे एकमेकांस दुरावली. गोमंतकात ज्यांना तारवटी म्हणतात ती मंडळी तर याहूनही दूर होती. प्रवासी जहाजांचा धंदा एका आठवड्यात बसला, बंदरे मिटली, आणि मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचलेल्यांनाही उतरण्याच्या परवान्यासाठी समुद्रातच तिष्ठावे लागले. त्या महिन्यांत मोबाइल फोन हाच टपालवाला झाला, ओसरी झाला, आणि जे चारचौघांत बोलले जात नाही ते बोलायचे तर, अनेकांच्या बाबतीत शयनगृहही झाला.

आपली शृंगारिक छायाचित्रे वा तशाच आशयाचा मजकूर फोनवरून पाठविण्याच्या या व्यवहारास इंग्रजीत ‘सेक्स्टिंग’ असे ओबडधोबड नाव आहे. ते टाळेबंदीच्या आधीचे आहे. परंतु टाळेबंदीने त्यास एक प्रकारची प्रतिष्ठा दिली. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने मार्च २०२० मध्ये जे सूचनापत्रक काढले त्यात परक्याशी शरीरसंबंध टाळावा आणि त्याऐवजी व्हिडिओवरील भेट, सेक्स्टिंग यांसारख्या मार्गांचा विचार करावा असे नागरिकांना सरळ सांगितले होते. एखाद्या नगरसंस्थेने आरोग्यरक्षणाचा उपाय म्हणून असा सल्ला द्यावा ही गोष्ट रघुनाथ धोंडो कर्वे यांना आवडली असती. १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविणाऱ्या त्या गृहस्थांना यापेक्षा पुष्कळ सौम्य लेखनासाठी न्यायालयात दंड भरावा लागला होता. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि तरीही ते हरले.

आमचा प्रश्न मात्र सूचनापत्रकाचा नाही, त्यानंतरचा आहे. टाळेबंदी उठली, माणसे पुन्हा भेटली, काही संबंध टिकले, काही तुटले. फोनमधील चित्रे मात्र राहिली. ब्रिटनमध्ये अशा पीडितांना साहाय्य करणारी एक दूरध्वनी सेवा आहे; तिच्याकडे २०२० साली आलेल्या तक्रारी आदल्या वर्षाच्या दुपटीच्या जवळ पोचल्या होत्या. आपल्याकडे असे मोजमाप अवघड आहे, कारण आपल्याकडे तक्रार करणारी व्यक्ती सर्वांत शेवटी पोलिसांकडे जाते. त्याआधी ती नशिबाकडे, देवाकडे आणि सावकाराकडे जाऊन आलेली असते.

येथे एक मर्यादा घालून घेतो. जेथे अल्पवयीन मुलामुलींचा संबंध येतो तेथे संमतीचा विचारच उद्भवत नाही. कायदाही तेथे वेगळा व कठोर आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. आम्ही बोलत आहोत ते जाणत्या माणसांविषयी, ज्यांनी समजून उमजून, आपखुशीने, एका विशिष्ट व्यक्तीस काही दिले आणि त्या व्यक्तीने ते जगास वाटले.

अशी हकीकत कानी आली की पहिला उद्गार ठरलेला असतो: “पण दिलेच का?” हा उद्गार दुष्टपणाचा असतो असे नाही. पुष्कळदा तो आईच्याच तोंडी असतो. परंतु त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे आणि ती सोडविल्याखेरीज पुढे जाता येत नाही. समजा, एखाद्या विधवेने यात्रेस जाताना आपले दागिने शेजाऱ्याकडे ठेवले. पावती घेतली नाही, साक्षीदार बोलावला नाही. शेजाऱ्याने ते मोडून खाल्ले. न्यायाधीश तिला म्हणेल, “बाई, पावती का नाही घेतलीत?” परंतु पावती नाही म्हणून दागिने शेजाऱ्याचे झाले असे कोणताही न्यायाधीश म्हणणार नाही, किंवा बाईचा भोळेपणा हा शेजाऱ्याच्या अपहाराचा एक हिस्सा आहे असे मानून त्याची शिक्षा निम्मी करणार नाही. तिच्या बाबतीत आपण फार तर शहाणपण कमी पडले असे म्हणू. चित्र पाठविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मात्र आपण तिच्या कमी पडलेल्या शहाणपणाचे माप काढतो आणि ते शेजाऱ्याच्या, म्हणजे चित्र पसरविणाऱ्याच्या, खात्यावर जमा करतो. हा हिशेब आम्हांस कधीच पटलेला नाही.

त्यातून हा शहाणपणाचा अभाव तरी खरा म्हणावा काय? टाळेबंदीत जिने आपल्या दूरच्या पतीस वा नियोजित वरास असे काही पाठविले, तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणे म्हणजे ज्याला आपला घात करता येईल अशा स्थानी दुसऱ्यास बसविणे; त्यावाचून विश्वासाला अर्थ नाही. घाताची शक्यता शून्य करूनच जवळीक करावी असा नियम घातला तर विवाहसंस्थाही उभी राहावयाची नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या विषयाचा विचार छायाचित्रांच्या पुष्कळ आधी, आणि आमच्या मते आजच्या अनेक पंडितांहून स्पष्टपणे, करून ठेवला आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, आणि निक्षेपाच्या लगेच पाठीशी अस्वामिविक्रय, म्हणजे जे आपले नाही ते विकणे, अशी पदे येतात. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. आणि ठेव परत न करणाऱ्यास चोराप्रमाणे शासन करावे असे मनु सांगतो. याज्ञवल्क्याने यातलाच उपनिधी हा आणखी एक सूक्ष्म प्रकार सांगितला आहे. आत काय आहे ते न सांगता, मोहोरबंद पेटीत घालून जी वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली जाते ती उपनिधी. ती जशीच्या तशी, मोहोर न फोडता परत करावयाची. राजाने, दैवाने किंवा चोराने ती नेली तर ठेवून घेणाऱ्यावर दोष नाही. स्वतःच्या इच्छेने त्याने ती वापरली तर मात्र तो दंडास पात्र. आजचा प्रश्न या चौकटीत बसवून पाहावा. ज्याचा फोन चोरीस गेला आणि चोराने चित्रे बाहेर काढली त्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याने मित्रमंडळीत फुशारकी मारण्यासाठी स्वतःच फोन पुढे केला त्याची गोष्ट वेगळी. दोघांच्याही बाबतीत स्त्रीची हानी तीच. दोष मात्र तोच नव्हे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. ठेव परत मागावयाची असते; हे चित्र कोणी परत मागण्यासाठी दिले नव्हते. ते प्रेमाने दिले, म्हणजे ते दान झाले, आणि दिलेल्या दानाचे काय करावयाचे ते घेणारा ठरवील. सोन्याची अंगठी दिली तर तो ती विकू शकतो. मग चित्राचेच काय?

या आक्षेपाचे उत्तर आम्हांस एका जुन्या इंग्रजी खटल्यात मिळाले. अलेक्झांडर पोप या कवीने इतरांस लिहिलेली पत्रे कर्ल नावाच्या एका पुस्तकविक्याने छापली. पोपने दावा लावला. १७४१ साली लॉर्ड हार्डविक यांनी जो निर्णय दिला त्याचा आशय असा की, पत्र ज्यास मिळाले त्याची मालकी फार तर कागदावर. मजकूर प्रसिद्ध करण्याचा परवाना त्यास त्या कागदाबरोबर मिळत नाही. म्हणजे एकाच वस्तूत दान आणि ठेव दोन्ही असू शकतात. कागद दिला, शाई दिली, वाचण्याचा आनंद दिला. प्रसिद्धीचा अधिकार लिहिणाऱ्याने स्वतःपाशीच ठेवला, तो देण्याचा त्याने विचारदेखील केला नव्हता. आपल्या घरी आजोबांनी आजीस लिहिलेली पत्रे ट्रंकेत असतील तर ती उघडताना आपला हात जो क्षणभर थांबतो तो याच भेदाच्या जाणिवेने. चित्रासही हेच लागू आहे. ते एका डोळ्यांसाठी दिले होते. ‘कोणासाठी’ हा त्या दानाचा भागच होता. तो भाग वगळला की जे उरते ते तिने दिलेच नव्हते. मग ते वाटणारा जे आपले नाही ते वाटतो, आणि आपण मनूच्या तिसऱ्या पदापाशी येतो.

आपल्या कायद्यानेही हा भेद, उशिरा का होईना, मान्य केला आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीनंतर २०१३ साली भारतीय दंडसंहितेत ३५४-क हे कलम आले. त्याच्या दुसऱ्या स्पष्टीकरणात असे म्हटले होते की, चित्र घेण्यास जिने संमती दिली परंतु तिसऱ्यास देण्यास दिली नाही, तिचे चित्र पसरविणे हाही या कलमाखालील अपराध होय. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि हीच तरतूद तिच्या ७७ व्या कलमात कायम आहे. फौजदारी कायद्यात इतके सुसंस्कृत वाक्य क्वचितच सापडते. दुर्दैव एवढेच की ते केवळ स्त्रीचे रक्षण करते. पुरुषास मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई या कलमाचा आसरा घ्यावा लागतो.

परंतु व्यवहारात फिर्याद नोंदविताना याच कायद्याची ६७ व ६७-अ ही कलमे हटकून पुढे येतात, आणि तेथे गाडी रुळावरून घसरते. ही कलमे अश्लीलतेची आहेत. त्यांचा प्रश्न निराळा आहे: हे चित्र पाहणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होईल? १९६२ च्या दिवाळीत ‘रंभा’ मासिकात आलेल्या ‘शामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. तेथे वादाचा विषय वाचकाचे मन हाच होता, कारण कथेतील नायिकेस इजा होण्यासारखे शरीर नव्हते. आमच्या विषयात जिवंत स्त्री आहे, आणि तिच्या फिर्यादीत न्यायालयाने वाचकाच्या शीलाची काळजी करीत बसावे हे विपरीत आहे. शिवाय ज्या कायद्याच्या लेखी चित्रच घाणेरडे, त्याच्या लेखी ते प्रथम पाठविणारीही संशयित ठरते. “मीच पाठविले होते, मग मलाच धरतील ना?” हा प्रश्न वकिलाच्या खोलीत वारंवार ऐकू येतो, आणि कलमाचे शब्द पाहता तो अगदीच अडाणीपणाचा नसतो. ज्या क्षणी आपण म्हणतो की दोष चित्रात आहे, त्या क्षणी विश्वासघात दुय्यम होतो. चित्र चांगले की वाईट हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न. आमच्या दृष्टीने उद्या कोणी तिचे दवाखान्याचे कागद वा तिने रडत लिहिलेले पत्र वाटले असते तरी घात त्याच जातीचा होता.

इंग्लंडमध्ये दुसऱ्याच एका खाचखळग्यात गाडी अडली होती. तेथील २०१५ च्या कायद्यास पसरविणाऱ्याचा हेतू क्लेश देण्याचा असावा लागे. मग “मी तर गंमत म्हणून पाठविले” असे म्हणणारा निसटत असे. २०२३ च्या कायद्याने ही अट मूळ अपराधापुरती काढून टाकली आणि ३१ जानेवारी २०२४ पासून ती तरतूद लागू झाली. हा बदल आम्हांस नीतीच्या दृष्टीने योग्य वाटतो. सूडाने पसरविणाऱ्यास निदान त्या स्त्रीचे अस्तित्व जाणवत असते. तिला दुखवावयाचे आहे एवढी तरी तिची दखल तो घेतो. गंमत म्हणून पसरविणाऱ्याच्या लेखी ती नाहीच. यांतले अधिक वाईट कोणते हे सांगणे आम्हांस कठीण जाते.

टाळेबंदीच्या काळात पुरुषही फसले, आणि त्यांची फसवणूक वेगळ्या धाटणीची होती. अनोळखी स्त्रीच्या नावाने मैत्रीची विनंती येते, दोन दिवस गोड बोलणे होते, मग व्हिडिओ कॉल. पलीकडे बहुधा आधीच मुद्रित केलेली चित्रफीत चालू असते, अलीकडचा एकाकी गृहस्थ मोहात पडतो, आणि त्याचे चित्रण होते. पाचच मिनिटांत त्याच्या बहिणीची, मेहुण्याची, कचेरीतील साहेबाची नावे लिहून येतात आणि पैशांची मागणी होते. पक्षकाराची हकीकत सांगणे वकिलास शोभत नाही, म्हणून तपशील गाळतो, एवढेच सांगतो की, निवृत्तीस आलेल्या एका गृहस्थांनी भविष्यनिर्वाह निधीतून तीन वेळा पैसे काढून दिल्यानंतर आम्हांस विचारले, “चौथ्यांदा दिले तर थांबतील का हो?” ते थांबत नाहीत. पैसे देणे थांबवावे, संभाषण पुसू नये, १९३० या क्रमांकावर कळवावे, हे कोणीही सांगेल. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या खंडणीखोराजवळ शस्त्र काय होते? त्या गृहस्थांच्या मेहुण्याची मान वळविण्याची धमकी. मेहुण्याने ते चित्र उघडून पाहिलेच नसते, किंवा पाहून “कोणा चोरट्याने तुम्हांस फसविले दिसते, चला पोलिसांत जाऊ” असे म्हटले असते, तर त्या शस्त्रास धार राहिली नसती. खंडणीखोर आपल्या सर्वांच्या तिरस्कारावर हुंडी काढतो, आणि ती हुंडी आजवर आपण इमानाने वटवीत आलो आहोत.

ज्याच्या फोनवर असे चित्र येऊन पडते आणि जो ते ‘बघा काय चालले आहे’ अशा नीतिमान शेऱ्यासह पुढे ढकलतो, त्याच्याविषयी आम्हांस सर्वांत अधिक बोलावयाचे होते, पण बोलण्यासारखे थोडेच आहे. तो स्वतःस साक्षीदार समजतो. चोरीचा माल विकत घेणारा चोर नसतो, पण कायदा त्यास साक्षीदारही म्हणत नाही. २०१८ साली बंगालमधील तामलुकच्या न्यायालयाने अशा चित्रांच्या प्रसारकास पाच वर्षांची शिक्षा दिली तेव्हा ती एकट्या प्रियकरास होती. ज्यांनी ती पाहिली आणि पुढे पाठविली त्यांची नावे कोणत्याही आरोपपत्रात येत नाहीत.

राहता राहिला तो जो काहीच करीत नाही, केवळ जपून ठेवतो. संबंध तुटला आहे, चित्रे फोनमध्ये आहेत, त्याने कोणास दाखविली नाहीत आणि दाखविण्याचा विचारही नाही. त्याने ती पुसून टाकावी असे सांगण्याचा तिला अधिकार आहे काय? येथे ठेवीची उपमा पुन्हा उपयोगी पडते आणि थोडी तोकडीही पडते, कारण दागिना परत केला की शेजाऱ्याकडे तो उरत नाही, आणि चित्र परत केले तरी उरते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे १३ ऑक्टोबर २०१५ रोजी हाच प्रश्न आला. पुरुष व्यवसायाने छायाचित्रकार. चित्रे स्त्रीच्या संमतीने, काही तर तिने स्वतःच काढलेली. प्रसिद्धीचा प्रयत्न नाही. न्यायालयाने म्हटले की, तिची संमती त्या संबंधाच्या आयुष्यापुरतीच होती. संबंध संपला, संमती संपली, तेव्हा शृंगारिक चित्रे नष्ट करावीत. प्रवासाची, सणासमारंभाची साधी चित्रे मात्र त्याने ठेवावीत. हा विवेक आम्हांस मनोज्ञ वाटतो. स्मृतीवर कोणाचा हुकूम चालत नाही, आणि चालू नये. परंतु जवळ बाळगलेले चित्र ही केवळ स्मृती नव्हे, ती दुसऱ्याच्या मानेवर ठेवलेली आणि अद्याप न चालविलेली सुरी असू शकते. धारकाचा हेतू कितीही शुद्ध असो, सुरीखालच्या माणसास झोप लागत नाही.

आमच्याकडे २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला, आणि ओडिशाच्या उच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२० रोजी, साथ चालू असतानाच, एका जामीन अर्जावरील निर्णयात अशा स्त्रीस विस्मृतीचा हक्क असावा असे कळकळीने लिहिले. तथापि खासगी धारकास ‘पुसून टाक’ असे सांगणारी सरळ तरतूद अद्याप नाही. उलट, कौटुंबिक न्यायालयांत या चित्रांस नवेच आयुष्य लाभते. १८७२ च्या पुरावा कायद्याने पतिपत्नींमधील संभाषण बोलणाऱ्याच्या संमतीवाचून उघड करण्यास मनाई केली होती, पण त्यांच्या आपसातील दाव्यांचा अपवाद ठेवला होता. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या १२८ व्या कलमातही ते दोन्ही आहेत. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच अपवादाचा आधार घेऊन, जोडीदाराचे नकळत मुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुराव्यात घेता येईल असे ठरविले. कायदा म्हणून आम्ही तो मानतो. पण परिणाम असा की, शयनगृहातील चित्रे आता परिशिष्ट ‘क’ म्हणून अर्जास जोडली जातात, त्यांच्या चार प्रती निघतात, एक कारकुनाच्या टेबलावर पडते आणि एक झेरॉक्सच्या दुकानात राहते.

या बाबतीत वकिलास काही करता येते. सुनावणी बंद दालनात व्हावी अशी मागणी करता येते. चित्र जोडणे अपरिहार्यच असेल, आणि दहापैकी नऊ वेळा ते नसते, तर ते मोहोरबंद पाकिटात केवळ न्यायाधीशांच्या हाती देता येते. याज्ञवल्क्याचा उपनिधी येथे अक्षरशः उपयोगी पडतो. आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात, जेथे दागिने, भांडी, मुलांच्या सुट्ट्या आणि पोटगी यांची कलमे असतात, तेथे आम्ही अलीकडे आणखी एक कलम घालतो: उभय पक्षांनी एकमेकांची खासगी चित्रे, चित्रफिती व संदेश फोनमधून, संगणकातून आणि अन्यत्र साठविलेल्या प्रतींतून नष्ट केले आहेत, व त्यांची कोणतीही प्रत तिसऱ्याच्या स्वाधीन केलेली नाही. दागिन्यांच्या यादीवरून तासन्‌तास भांडणारी माणसे या कलमावर बहुधा एकही शब्द न बोलता सही करतात. ते खरोखर पाळले गेले की नाही हे तपासण्याचे साधन न्यायालयापाशी नाही, आमच्यापाशीही नाही.